तीनशे सतराव्या पोथीची हजेरी

या आख्यायिकेतील माझा वाटा प्रथम सांगते, म्हणजे पुढे कोणाचा गैरसमज व्हायला नको. ही कथा मी छत्तीस वर्षे चाफेघाटच्या शाळेत शिकवली आणि निवृत्तीनंतर सोळा वर्षे याच दालनात उभी राहून पाहुण्यांना ऐकवली. दोन्ही ठिकाणी ती चुकीची सांगितली. आणि याच श्रावणात तीनशे सोळाव्या क्रमांकाचे बासन ज्या हातांनी सोडले, तेही माझेच हात होते. माझे नाव कुमुदिनी पळशीकर. गावात मला पळशीकर बाई म्हणतात.

आपण ज्या दालनात उभे आहात, ते विद्यापीठाच्या प्राचीन धर्मग्रंथ संशोधन संस्थेचे अभिलेखदालन. गावात याला पोथीशाळा म्हणतात. समोरच्या अकरा कपाटांत, नोंदीनुसार, सहाशे चार हस्तलिखिते आहेत. प्रत्येक पोथी दोन लाकडी फळ्यांमध्ये ठेवून लाल कापडात बांधलेली असते. त्या बांधलेल्या गाठोड्याला बासन म्हणतात. दर ऋषिपंचमीला सकाळी दहा वाजता या पोथ्यांची हजेरी होते. अभिलेखपाल जाड वहीतून क्रमांक आणि नाव पुकारतात. कपाटापाशी उभी असलेली व्यक्ती त्या बासनावर हात ठेवते आणि म्हणते, "आहे." असे तीन तास चालते. कोणी बसत नाही, कोणी बोलत नाही. मात्र "तीनशे सतरा, मांदारीमाहात्म्य" असे पुकारले की उत्तर येत नाही. कपाटातील ती जागा रिकामी असते. सगळे मान खाली घालतात, संचालक उंबऱ्यावर तांब्याभर नदीचे पाणी ओततात, आणि मग तीनशे अठरा पुकारले जाते.

हे असे का, याची कथा पुढीलप्रमाणे सांगतात.

एक्क्याण्णव वर्षांपूर्वी ही संस्था या टेकडीवर नव्हती. खाली मांदारी नदीच्या घाटावर, एका धर्मशाळेत होती. दाजीशास्त्री घैसास हे तिचे पहिले अभिलेखपाल. त्या भाद्रपदात नदीला असा पूर आला की घाटाच्या बावीस पायऱ्या एका प्रहरात दिसेनाशा झाल्या. शास्त्रीबुवांनी नावाड्याला हाक मारली. नावाड्याने नाव धर्मशाळेच्या खिडकीला लावली आणि पोथ्या पलीकडच्या उंचवट्यावर नेण्यास प्रारंभ केला. सहा खेपा निर्विघ्न झाल्या. सातव्या खेपेला नाव भोवऱ्यात सापडली. तेव्हा म्हणे शास्त्रीबुवा नावेत उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "माते, सहाशे चारांतली तुला हवी ती एक घे, पण बाकीच्या जाऊ दे." तोच म्हणे एक पोथी आपण होऊन ढिगातून सरकली आणि पाण्यावर पानासारखी तरंगली. पाण्याने तोंड उघडले आणि ती आत घेतली. भोवरा निवला. पैलतीरी मोजदाद केली तेव्हा कळले की गेलेली पोथी मांदारीमाहात्म्याची होती, जगातली एकमेव प्रत. नदीने स्वतःची पोथी स्वतःकडे नेली होती. शास्त्रीबुवांना इतके दुःख झाले की आयुष्यभर मांदारीचे पाणी तोंडाला न लावण्याचे व्रत त्यांनी घेतले. पुरानंतर संस्था या टेकडीवर आली, आणि पुढच्या ऋषिपंचमीला त्यांनी याच दालनात हजेरीची प्रथा सुरू केली. गेलेल्या पोथीसाठी मौन, आणि जिने ती नेली तिला उंबऱ्यावर पाण्याचा मान.

इतकी कथा मी पाहुण्यांना सांगत असे. तिला आणखी एक शेपूट होते. ते पाहुण्यांना सांगण्याचा प्रघात नव्हता; पण चाफेघाटात ते लहान मुलालाही ठाऊक होते. पोथी नदीने नेलीच नाही, नावाड्याने नावेच्या तळाशी दडवली आणि कोणा परदेशी माणसाला विकली, असे ते शेपूट. ते मी कधी उच्चारले नाही, असा मला अभिमान होता. आता त्या अभिमानाचे काय झाले, ते ऐका.

गेल्या वर्षापासून संस्थेने प्रत्येक पोथीच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र घेण्याचे काम हाती घेतले आहे. सध्याच्या अभिलेखपाल शाहीन मुलाणी माझ्याच शाळेच्या विद्यार्थिनी. काटेकोर आहेत. मला मोडी लिपी येते. निवृत्तीनंतर रीतसर शिकले आणि परीक्षेत पहिली आले. म्हणून जुन्या नोंदवह्या वाचणे आणि छायाचित्राआधी पाने मोजणे, ही दोन कामे शाहीनने माझ्याकडे दिली.

श्रावणातल्या एका गुरुवारी तीनशे सोळाची पाळी आली. ही पोथी वास्तुशांतीच्या विधीची. त्याच विधीच्या आणखी नऊ चांगल्या प्रती दालनात असल्यामुळे ही कोणी अभ्यासाला मागितली नव्हती. मागणीवहीत तिच्यापुढे आजवर एकही सही नाही.

"बाई, हे बासन जड लागतंय," शाहीन म्हणाली.

"जुना कागद ओल धरतो," मी म्हणाले. वर्गात बोलावे तशी बोलले. चव्वेचाळीस पाने मोजली. खाली फळी आली. फळी उचलली, तर तिच्याखाली जाड्याभरड्या कापडात बांधलेले आणखी एक गाठोडे होते. कापड बासनाचे नव्हते. एके काळी तांबडे असावे, आता गाळाच्या रंगाचे झाले होते; लांब, अरुंद, चारपाच वेळा गुंडाळलेले, आणि वर अशी गाठ जी मी कोणत्याही पोथीवर पाहिलेली नाही.

"हे मुंडासं आहे," शाहीन हलक्या आवाजात म्हणाली. "आणि ही गाठ नावेच्या दोराला मारतात ती."

गाठ मी सोडली. आत पाने होती, कोरडी, कडांना पुराच्या पाण्याची एक पिवळी रेघ. पहिल्या पानावर ठसठशीत अक्षरांत लिहिले होते: श्रीमांदारीमाहात्म्य.

या दालनात खाली बसायचे नसते. मी बसले. शाहीनने आधी माझ्या हातातले पान काढून घेतले आणि मग मला पाणी आणून दिले. क्रम बरोबर होता.

"बाई," ती थोड्या वेळाने म्हणाली, "ही इथंच होती. एक्क्याण्णव वर्षं. रिकाम्या जागेच्या शेजारी."

मला आठवत होत्या त्या सोळा ऋषिपंचम्या. कपाटापाशी उभी असलेली व्यक्ती बहुधा मीच असे. तीनशे सोळावर हात ठेवून मी "आहे" म्हणाले होते, आणि पुढच्याच क्षणी तीनशे सतरासाठी मान खाली घातली होती.

हे कसे घडले, ते शोधायला फार वेळ लागला नाही. फक्त दोन पाने सलग वाचायला हवी होती. पुराच्या तिसऱ्या दिवसाची दाजीशास्त्र्यांच्या हातची मोडीतील नोंद अशी: "बासने भिजली. नवी येईतो दोन दोन पोथ्या एका बासनात बांधल्या." एकवीस दिवसांनंतरची नोंद: "नवी बासने आली. जोड्या सोडवल्या. बासने मोजली. तीनशे सतरा नाही. नावाड्यावर संशय." एक जोडी सोडवायची राहून गेली होती, इतकेच. त्यांनी मोजली ती बासने. पोथ्या मोजल्या नाहीत. आणि हजेरीच्या दिवशी बासनाची गाठ सोडणे हा पोथीचा अनादर, असा नियम त्यांनीच घालून दिला. तो आम्ही सर्वांनी भक्तिभावाने पाळला. मी तर तो पाहुण्यांना आदर्श म्हणून सांगत असे.

शास्त्रीबुवांचे व्रत मी वहीत शोधले. ते मिळाले नाही. मिळाली ती पाणक्याची रोजची नोंद: "शास्त्रीबुवांचे खोलीत नदीचे पाणी, दोन घागरी." पुराच्या दुसऱ्या महिन्यापासून शास्त्रीबुवांच्या मृत्यूपर्यंत.

इथवर मला धक्का बसला होता. पुढे जे वाचले, त्याला धक्का हा शब्द अपुरा आहे. हजेरीची पहिली नोंद पुढच्या वर्षीच्या ऋषिपंचमीची आहे. मी ती जशीच्या तशी सांगते. "पोथ्यांची हजेरी घेतली. नावाड्यास उंबऱ्याबाहेर उभे केले. तीनशे सतरा पुकारून थांबलो. नावाडी म्हणतो, आणून दिली. नवे काही नाही. तो गेल्यावर जागा धुतली." त्याच्या पुढच्या वर्षी तीच नोंद. त्याच्या पुढच्या वर्षी तीच. अकरा वर्षे: "नावाडी म्हणतो, आणून दिली. नवे काही नाही. जागा धुतली." बाराव्या वर्षी: "नावाडी मयत. पुकारून थांबण्याची रीत चालू ठेवावी. पाणीही."

ज्याला मी विधी समजत होते, ती झडती होती. ज्याला मी मौन समजत होते, ते एका माणसाच्या कबुलीची वाट पाहणे होते. आणि उंबऱ्यावरचे पाणी हा नदीचा मान नव्हता. संपूर्ण वहीत त्या माणसाचे नावही नाही. पोथी कोणी लिहिली, कोणी दिली, कोणत्या शाईने लिहिली, याच्या नोंदी करणाऱ्यांनी त्याला अकरा वर्षे नुसते नावाडी म्हटले.

संस्थेचे संचालक डॉ. हेरंब कात्रे सज्जन गृहस्थ आहेत. आम्ही त्यांच्यासमोर पोथी, मुंडासे आणि वही ठेवली. ते बराच वेळ पोथीकडे पाहत राहिले. डोळे पाणावले त्यांचे. त्यांनी पंचवीस वर्षे या एका पोथीच्या उल्लेखांवर अभ्यास केलेला आहे.

"ऋषिपंचमी तेरा दिवसांवर आली," ते म्हणाले. "बाई, पाहा, कथेला धक्का न लावताही हे सांगता येईल. नदीने आपली पोथी नेली होती, ती आता परत केली. लोकांना किती आनंद होईल!"

"सर, नदीनं कुठून परत केली?" शाहीन म्हणाली. "आपल्याच कपाटात होती. आपल्याच कुलपात."

"पण दाजीशास्त्री आता हयात नाहीत, नावाडीही नाही. कोणाला दोष देऊन काय साधणार?"

खरे सांगायचे तर क्षणभर मलाही ते बरे वाटले. नवी कथा किती सुरेख झाली असती, ती मला डोळ्यांसमोर दिसू लागली. पाहुण्यांनी माना डोलावल्या असत्या. मग मला आठवले की नावाडी हयात नसला तरी त्याची नात हयात आहे, आणि ती कुठे बसते ते मला ठाऊक आहे.

शेवंता भोई चाफेघाटच्या मासळीबाजारात बसते. माझ्या चौथीच्या वर्गात होती. मी शाकाहारी असल्यामुळे त्या बाजारात पाऊल टाकण्याची ती माझी पहिलीच वेळ.

"या या, बाई!" तिने लांबूनच आवाज दिला. "म्हातारपणी मासं खायला लागला व्हय? मरळ देऊ का वाम? काटा कमी हाय वामीला, दातांना सोसंल."

शेजारच्या दोघी हसल्या. मी म्हणाले, "शेवंता, तुझ्या आजोबांविषयी बोलायचे आहे."

तिचा कोयता थांबला नाही. "आता काय न्हेलं त्यांनी? पोथी न्हेली, आता देऊळ न्हेलं म्हनत्यात का?"

मी जे घडले ते सांगितले. तिथेच, उभ्याने, सर्वांसमोर. बासन, गाठ, मुंडासे, वही. ती मासा कापत राहिली. मी वहीतील ती नोंद सांगितली, "नावाडी म्हणतो, आणून दिली," तेव्हा तिने कोयता खाली ठेवला.

"आज्जी सांगायची, दरसाली नवं धोतर नेसून जायचा आज्जा," ती म्हणाली. "सणाला जावं तसा. आज्जी म्हनायची, कशाला जाता, मारत्यात का तुमाला? तर म्हनायचा, न्हाई गेलो तर चोर ठरंन. जाऊन खरं बोललो तर कदी तरी एक जन तरी ऐकंल."

पुराच्या पुढच्या वर्षापासून गावातले कोणी त्याच्या नावेत बसेनासे झाले, असे तिने सांगितले. ज्याच्या नावेतून पोथी गेली, त्याच्या नावेतून आपण का जावे, असा लोकांचा विचार. शेवटी एका सकाळी म्हणे त्याने नाव मधोमध नेली, तिच्या तळाला पहारीने भोक पाडले आणि ती नदीला दिली. पोहत काठाला आला आणि म्हणाला, पोथी सापडेल त्या दिवशी वल्हे हाती धरीन. पुढे शेतमजुरी केली. वल्ह्याला हात लावला नाही. म्हणजे व्रत खरेच कोणीतरी घेतले होते. ते कथेत दुसऱ्याच्या नावावर लिहिले गेले. जिथे नाव बुडवली तिथे भोई समाजातले लोक आजही जाळे टाकत नाहीत. मी चौऱ्याहत्तर वर्षे या गावात राहते. हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

"शाळेत सांगितलं असतंस," मी म्हणाले. वाक्य तोंडातून निघाले आणि लगेच मला त्याची लाज वाटली.

शेवंताने माझ्याकडे पाहिले. "बाई, तुमी फळ्यावर नाव काढली हुती. रंगीत खडूनं. झ्याक काढली हुती. मला वाटलं, आता माज्या आज्ज्याचं नाव सांगतील. मी सरसावून बसले. तुमी म्हनला, नावाडी. मागनं कुनी तरी म्हनलं, 'चोर, चोर, शेवंतीचा आज्जा चोर.' सगळी हसली. तुमी डस्टर आपटलं आन् म्हनला, शांत बसा. सगळ्यांस्नी म्हनला. मला बी."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशी आलेच न्हाई. आई म्हनली, शाळा का सोडली? म्हनलं, पोटात दुखतंय. चाळीस-पंचेचाळीस वर्सं दुखतंय."

मी तिथून थेट शाळेत गेले आणि जुने रजिस्टर काढायला लावले. अक्षर माझे, वळणदार, एकही खाडाखोड नाही: भोई, शेवंता. शाळा सोडली. कारण: घरकाम. कारण मी कोणाला विचारले होते, ते आठवत नाही. विचारलेच नसावे. दाजीशास्त्र्यांवर मी दोन दिवस संतापले होते. तो संताप त्या रजिस्टरपुढे उभी असताना मला पुढे नेता येईना.

त्यानंतरच्या सोमवारी डॉ. कात्रे यांच्या खोलीत आम्ही चौघे बसलो. शेवंता पोथीशाळेच्या आत प्रथमच आली. उंबऱ्यापाशी थबकली, खाली पाहिले, आणि तो ओलांडण्याऐवजी त्यावर पाय देऊन आत आली. ते कोणी तिला शिकवले नव्हते. डॉ. कात्रे उठून उभे राहिले.

शाहीनने मुंडासे तिच्यापुढे ठेवले. नियमानुसार हातमोजे द्यायला हवे होते. शाहीनने ते दिले नाहीत, आणि मी नियमाची आठवण करून दिली नाही. शेवंताने कापड उलगडले, एका टोकाशी बोट थांबवले. "हितं ठिगळ हाय," ती म्हणाली. "आज्जीचा टाका. आज्जी उलट्या हाताची हुती."

"शेवंताताई," डॉ. कात्रे म्हणाले, "ऋषिपंचमीला संस्थेतर्फे आपला सत्कार करू. शाल, श्रीफळ, मानपत्र. सर्वांसमोर."

"सत्कार कशाचा, साहेब? मी काय केलंय? मी मासं इकते."

"मग आजोबांचा."

"आज्ज्याला शाल घालून काय उपेग? थंडी सरली त्येची."

मी म्हणाले की ती संशयाची नोंद लाल शाईने खोडून टाकावी. छत्तीस वर्षे वह्या तपासल्यामुळे माझा हात आपोआप तिथे गेला. शाहीनने वही माझ्यापासून दूर सरकवली.

"खोडायचं नाही, बाई. अभिलेखातलं काही खोडत नाहीत. खोडलं तर उद्या कोणी म्हणेल, असं काही झालंच नव्हतं."

"तिचं बराबर हाय," शेवंता म्हणाली. "राहू द्या ते. कुनी काय लिवलं, ते दिसू द्या. त्याच्या खाली लिवा. आन् नाव लिवा. नावाडी म्हनून न्हाई. राणू लिंगू भोई. बापाचं नाव बी पायजे, न्हाईतर कोन राणू म्हनत्याल."

शाहीनने तिथल्या तिथे ते नाव एका कागदावर लिहिले आणि वाचून दाखवले. शेवंताने ते पुन्हा वाचायला लावले.

"आणि हजेरीत तीनशे सतराला उत्तर आपल्या घरातील कोणी द्यावं, अशी माझी विनंती आहे," डॉ. कात्रे म्हणाले. "आपण यावं. आपण म्हणावं, आहे."

मला ही सूचना फार योग्य वाटली. मी मान हलवलीही. शेवंता हसली, ते हसू चांगले नव्हते.

"साहेब, आमच्या घरानं अकरा वर्सं उत्तर दिलंय. त्या दारात उभं ऱ्हाऊन. आता तुमी द्या. तितंच उभं ऱ्हाऊन."

डॉ. कात्रे यांचा चेहरा पांढरा पडला. संचालकाने उंबऱ्याबाहेर उभे राहायचे, शेकडो पाहुण्यांसमोर, आणि अभिलेखपालाने पुकारल्यावर आरोपीसारखे उत्तर द्यायचे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. शाहीन त्यांच्याकडे पाहत नव्हती. मीही पाहिले नाही. शेवटी ते म्हणाले, "काय म्हणू?"

"जे झालं ते. आनून दिली हुती. आमीच बघितलं न्हाई."

"आणि पाणी?"

"पानी वतू नका आता. एवडं धुतलंय, उंबरा झिजला."

"मी काय करू, शेवंता?" मी विचारले. मला कोणी काही सांगितले नव्हते आणि ते मला सहन होत नव्हते.

ती म्हणाली, "चौथीचा वर्ग अजून हाय न्हवं? तितं जा. फळ्यावर नाव काढा. तशीच झ्याक काढा. आन् या बारीला नाव सांगा."

त्या बैठकीत जे ठरले, ते शाहीन मुलाणी यांनी त्याच जाड वहीत, संशयाच्या नोंदीखाली, कोरी जागा होती तिथे लिहिले. ते असे. पुराच्या वर्षीची नोंद जशी आहे तशी राहील. तिच्याखाली लिहिले जाईल की तीनशे सतरावी पोथी राणू लिंगू भोई यांनी स्वतःच्या मुंडाशात गुंडाळून सुखरूप आणून दिली होती, आणि ती संस्थेच्याच चुकीमुळे एक्क्याण्णव वर्षे तीनशे सोळाव्या बासनात राहिली. दोन्ही नोंदी दर हजेरीला मोठ्याने वाचल्या जातील. यापुढे हजेरीच्या दिवशी प्रत्येक बासन सोडून पाने मोजली जातील, मग तीन तासांऐवजी तीन दिवस लागले तरी चालतील. तीनशे सतरा पुकारल्यावर संचालक उंबऱ्याबाहेर उभे राहून उत्तर देतील. पाणी ओतले जाणार नाही. मुंडासे पोथीसोबत राहील की भोई कुटुंबाकडे जाईल, हे शेवंता भोई ठरवतील. त्यांनी अद्याप ठरवलेले नाही, आणि त्यांना कोणी घाई करणार नाही. चौथीच्या वर्गात ही कथा मी सांगेन.

शाहीन मुलाणी यांनी अभिलेखपाल म्हणून सही केली. डॉ. हेरंब कात्रे यांनी उंबऱ्यासंबंधीचे वाक्य दोनदा वाचले आणि एकही शब्द न बदलता सही केली. शेवंता भोई यांनी सगळा मजकूर बोट ठेवून, ओठ हलवत, शेवटपर्यंत वाचला आणि मग सही केली. त्यांना चौथीपर्यंतचे वाचन पुरेसे येते. माझी संमती कोणी विचारली नव्हती. ती मी लेखी दिली.